खिशातला निखारा

आम्ही एका कार्यालयात लिपिक आहोत. दिवसभर आवक-जावक रजिस्टर, बिले आणि फायली यांत जातो. संध्याकाळी व रविवारी वस्तीचे काम असते. कोणाचे रेशनकार्ड, कोणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाची हॉस्पिटलची चिठ्ठी. जमेल तसे करतो. व्यसनमुक्तीवर बोलायला आम्हाला पुष्कळ ठिकाणी बोलावतात आणि आम्हीही मोठ्या हौसेने जातो. विज्ञान हा मात्र आमचा विषय नव्हे. बी.कॉम. झालेल्या माणसाला बॅटरी म्हणजे दुकानातून आणायची आणि संपली की फेकायची वस्तू. तरीही आज आम्ही बॅटरीवर लिहीत आहोत. कारण जे घडले ते दुसऱ्या कोणाच्या नव्हे, आमच्याच घरात घडले.

आमचे थोरले बंधू २०२१ साली करोनाच्या लाटेत गेले. वहिनी आणि पुतण्या आमच्या शेजारच्याच खोलीत राहतात. पुतण्या बावीस वर्षांचा. मोटारसायकलवरून घरोघरी पार्सले पोहोचवतो. दादा गेल्यापासून तो आमचाच मुलगा, असे आम्ही मानतो. तो आम्हाला नाना म्हणतो आणि आमच्यापुढे मान वर करून बोलत नाही. याचा आम्हाला अभिमान होता. हा अभिमानच आमच्या अंगाशी आला, ते पुढे सांगतो.

मे महिन्यातला रविवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. पुतण्या कामावर निघाला होता. दारात उभा राहून एका हाताने बूट चढवत होता आणि दुसऱ्या हाताने खिशात किल्ली चाचपत होता. एवढ्यात "फट्" असा आवाज झाला. मग कुकरची शिट्टी अडकावी तशी फुसफूस झाली आणि त्याच्या पॅन्टच्या उजव्या खिशातून पांढरा धूर, पाठोपाठ जाळ. पोरगा ओरडला आणि तळहाताने खिसा दाबू लागला. वहिनींनी पिण्याच्या पाण्याचा हंडा होता तसा त्याच्या अंगावर रिकामा केला. आम्ही धावत जाऊन पट्टा सोडला आणि पॅन्ट खाली ओढली. खिशातून काळी पडलेली बोटाएवढी नळकांडी फरशीवर घरंगळली आणि तिथेही ठिणग्या टाकत राहिली. बरोबर मोटारसायकलची किल्ली होती आणि दोन नाणी. एक नाणे एका कडेला वितळल्यासारखे झाले होते.

मांडीवर तळहाताएवढी जखम. हाताची तीन बोटेही भाजली होती. रिक्षाने रुग्णालयात नेले. केसपेपर काढताना पुतण्या पटकन बोलून गेला, "गरम पाणी सांडलं." आम्ही चमकून त्याच्याकडे पाहिले, पण लोकांदेखत काही बोललो नाही. तपासणाऱ्या डॉक्टर बाई मात्र हुशार होत्या. त्यांनी जखमेभोवतीचा काळा थर पाहिला, वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "पाण्याने असं भाजत नाही. खरं सांग. मी पोलीस नाही. कशाने भाजलं यावर उपचार ठरतो."

तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "व्हेपची बॅटरी होती, मॅडम."

व्हेप म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्हाला कळले. इलेक्ट्रॉनिक सिगारेट. तंबाखू जळत नाही, विस्तव लागत नाही. आत निकोटीनयुक्त द्रव असतो, बॅटरीवर एक बारीक तार तापते आणि त्या द्रवाची वाफ होते. ती ओढायची. आम्ही इतकी वर्षे गुटखा, विडी आणि दारू यांवर व्याख्याने दिली आणि आमच्याच घरात हे नवे यंत्र आले, ते आम्हाला ठाऊकही नव्हते.

डॉक्टर बाईंनी सांगितले की अशा बॅटरीने माणूस दोन प्रकारांनी भाजतो. एक जाळाने आणि दुसरे आतल्या रसायनाने. रसायन कातडीवर राहिले तर जाळ विझल्यावरही जखम खोल जाऊ शकते. म्हणून त्यांनी आधी जखमेवर कागदाची पट्टी लावून रसायनाची तपासणी केली, मग धुतली. पुतण्याने पाण्याचीच थाप चालवली असती आणि बाईंनी ती मानली असती, तर काय झाले असते याचा विचार आजही नको वाटतो.

रात्री आणखी एक गोष्ट उघड झाली. वहिनी अंथरूण काढताना थबकल्या आणि त्यांनी आम्हाला हाक मारली. लोखंडी कपाटामागच्या प्लगमधून एक वायर पुतण्याच्या गादीखाली गेली होती. रोज रात्री तो ते यंत्र तिथे चार्जिंगला लावून झोपत असे. वरून गादी, गादीवर गोधडी. गादीच्या कापडावर रुपयाएवढा तपकिरी डाग पडला होता. त्याच गादीवर, त्याच्या कुशीत, आमची पाच वर्षांची नात सुट्टीत येऊन आठ दिवस झोपली होती.

आम्हाला संताप आला. जाऊन त्याला खडसावले, "तुला लाज नाही वाटली?"

पोरगा रडत रडतच बोलला, "नाना, मी गुटखा सोडायला हे घेतलं होतं. तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही विहारात माइकवर बोलता. घरात दिसलं असतं तर तुम्ही मला दारात उभं केलं असतं का? म्हणून गादीखाली लावत होतो."

वहिनी काही बोलल्या नाहीत. आम्हीही गप्प झालो. कारण तो बोलला ते खरे होते. आम्ही दारात उभे केले नसते.

वाचकहो, या प्रसंगानंतर आम्ही ठरवले की ही भानगड समजून घ्यायची. वस्तीतलाच आय.टी.आय. झालेला एक मुलगा स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीची टपरी चालवतो. त्याच्याकडे आम्ही तीन-चार संध्याकाळी बसलो. त्याने तसलाच दुसरा सेल हातात दिला. दिसायला पेन्सिल सेलचा थोरला भाऊ. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. म्हणून त्याचे नावच १८६५०. जुन्या लॅपटॉपमध्ये, बॅटरीवरच्या टॉर्चमध्ये, पॉवर बँकमध्ये आणि कित्येक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये हाच सेल असतो. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली जपानमध्ये प्रथम बाजारात आली आणि तिचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तू वाईट नाही. आज जगाचे निम्मे कारभार तिच्यावर चालतात. पण तिचा स्वभाव ओळखून वागावे लागते.

त्या मुलाने एक निकामी सेल आतून कसा असतो ते चित्र काढून समजावले. अॅल्युमिनियम आणि तांबे यांचे दोन लांब पातळ पत्रे. त्यांच्यावर रसायनांचा लेप. दोघांच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा. हे सगळे सतरंजीसारखे गुंडाळून डबीत घातलेले आणि पेट घेणाऱ्या द्रवात भिजवलेले. जोवर तो पडदा शाबूत आहे तोवर सर्व ठीक. सेल दाबला गेला, आपटला, प्रमाणाबाहेर चार्ज झाला किंवा फार तापला, की पडद्याला धोका. पडदा फाटला किंवा वितळला की दोन्ही पत्रे भिडतात, उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने आतली रसायने आणखी उष्णता सोडतात आणि मग ते थांबवता येत नाही. उसनवारीवर उसनवारी करणाऱ्या माणसाच्या खात्यासारखे ते होते. व्याजावर व्याज चढत जाते आणि एक दिवस सगळे घर बुडते. आमच्यासारख्या जमाखर्च लिहिणाऱ्याला हे चटकन समजले.

"पण काका, याच्या खिशात वेगळं झालं," तो मुलगा म्हणाला. त्याने सेलच्या डोक्यावरचे बटण दाखवले. ते धन टोक. मग म्हणाला, "आणि ऋण टोक कुठलं? फक्त बूड नाही. ही पूर्ण डबी, वरच्या काठापर्यंत, ऋण आहे. मध्ये आहे ते एवढंसं प्लॅस्टिकचं कडं आणि वरून कागदासारखं पातळ वेष्टण. वेष्टण फाटलं आणि त्या काठाला नि बटणाला एकदम किल्ली लागली, की खेळ खलास."

आम्ही विचारले, "एवढ्याशा सेलमध्ये एवढी ताकद?"

तो म्हणाला, "काका, डोक्यावरचा पंखा अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी घेतो. असा ताकदीचा सेल सरळ जोडला गेला तर कित्येक दहा अँपिअर ओततो. किल्ली लाल व्हायला वेळ लागत नाही."

मोबाईलची बॅटरी अशी उघडी नसते. तिला संरक्षक सर्किट असते आणि ती फोनच्या पोटात बसलेली असते. सुटा सेल खिशात टाकणे म्हणजे राखेने झाकलेला निखारा खिशात टाकणे होय. पुतण्याजवळ असा एक जादा सेल कायम असे. वेष्टण वरच्या बाजूला फाटले होते, ते त्याने पाहिलेही होते. त्याला वाटले, कागद फाटला म्हणून काय झाले?

टपरीवरच्या मुलाने आणखी एक फसवणूक दाखवली. एका सेलवर छापले होते ९९००. तो हसून म्हणाला, "या मापाच्या चांगल्या सेलची ताकद साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. हा आकडा छापणारा खोटारडा आहे." जुन्या लॅपटॉपमधले थकलेले सेल काढायचे, नवे रंगीत वेष्टण चढवायचे आणि नवे म्हणून विकायचे, असा धंदा चालतो. आपल्या देशात लिथियम सेलला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे, त्यासाठी आय.एस. १६०४६ हे मानक आहे. पण चोरीछुपे घेतलेल्या मालावर कसले मानक आणि कसली पावती?

चोरीछुपे म्हणण्याचे कारण असे की इलेक्ट्रॉनिक सिगारेटला आपल्याकडे बंदी आहे. २०१९ साली आधी वटहुकूम आणि मग संसदेचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सर्व गुन्हा. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणेही गुन्हा आहे. आम्ही या बंदीच्या बाजूचे आहोत. निकोटीनची सवय लागलेले कोवळे पोर वाफेवर थांबेल याची कोण हमी देणार? पण आमच्या घराने शिकवले की बंदीने वस्तू नाहीशी झाली नाही, ती गादीखाली गेली. आणि जी वस्तू गादीखाली जाते तिच्यावर कोणाची नजर राहत नाही.

जिथे ही वस्तू उघड विकली जाते तिथेही हे अपघात झाले आहेत. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली अहवाल काढला. २००९ ते २०१६ या आठ वर्षांतले इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या आगीचे व स्फोटाचे १९५ प्रकार त्यांनी मोजले. १३३ माणसे जखमी, त्यांतली ३८ गंभीर. सुमारे एक तृतीयांश प्रकार खिशात घडले, जवळजवळ तितकेच तोंडाशी धरलेले असताना आणि चौथा हिस्सा चार्जिंगला लावले असताना. ते यंत्र लांबट नळीसारखे असते आणि त्याची टोके सर्वांत कमकुवत. त्यामुळे आतली बॅटरी बिघडली की ते दिवाळीच्या बाणासारखे सुटते, असे त्यांनी म्हटले आहे. त्या आठ वर्षांत कोणी दगावले नव्हते. पण २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये एकेक माणूस अशा स्फोटाने मेला. टेक्सासचा तो तरुण चोवीस वर्षांचा होता. आमच्या पुतण्याहून दोन वर्षांनी मोठा.

आणि कोणी म्हणेल, आमच्या घरात कोणी ते ओढत नाही, आम्हाला काय त्याचे? तर माता-भगिनींनो, बॅटरी ओढणारा आणि न ओढणारा असा भेद करीत नाही. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचे लेकरू त्यात गेले. आज आपल्या वस्तीत किती तरी मुले गाड्यांवर माल पोहोचवतात. संध्याकाळी गाडीची बॅटरी काढून घरात आणतात आणि दाराजवळच्या प्लगला लावतात, कारण दहा बाय बाराच्या खोलीत प्लग तेवढाच असतो. आग लागली तर बाहेर पडायची वाटही तेवढीच असते.

आम्ही घरोघर फिरून जे सांगतो ते इथे लिहून ठेवतो.

सुटा सेल कधीही खिशात, पर्समध्ये किंवा किल्ल्यांबरोबर ठेवू नये. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत एकेकटा ठेवावा. वेष्टण फाटलेला, पोचा पडलेला, फुगलेला, गळणारा किंवा विचित्र वास येणारा सेल वापरू नये. फोनची पाठ फुगली तर ती दाबून बसवू नये, टोचू तर मुळीच नये.

चार्जिंग जागेपणी करावे, झोपेत नव्हे. गादी, उशी, गोधडी, सोफा यांवर किंवा यांखाली नको. फरशीवर किंवा ओट्यावर, आजूबाजूला कपडे-कागद नसतील अशा ठिकाणी लावावे. दाराच्या वाटेवर, जिन्याखाली किंवा गॅसजवळ लावू नये. ज्या वस्तूचा चार्जर तिलाच वापरावा. पिन बसते म्हणून चार्जर चालतो असे नाही. गाडीची बॅटरी उन्हातून आल्या आल्या लावू नये, आधी निवू द्यावी. बॅटरी हाताला चटका देऊ लागली की प्लग काढावा.

आग लागलीच तर आधी माणसे बाहेर काढावी. जमत असेल तर मीटरजवळचा मेन स्विच बंद करावा. धूर विषारी असतो, त्यात थांबून सामान वाचवू नये. दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. खिशातल्या सेलसारखी छोटी वस्तू असेल आणि ती प्लगला नसेल, तर लांबून भरपूर पाणी ओतावे. पाण्याने ती निवते. विझल्यासारखी दिसली तरी हात लावू नये, ती पुन्हा पेटते.

अंगावर भाजले तर जळते कपडे काढावेत, कातडीला चिकटलेले मात्र ओढू नयेत. जखमेवर वीस मिनिटे वाहते पाणी धरावे. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नये. आणि डॉक्टरांना सांगावे, बॅटरीने भाजले. लाजू नये, लपवू नये.

शेवटची गोष्ट कचऱ्याची. हे लिहिताना आम्हाला जरा जास्त बोलावेसे वाटते. मेलेला सेल आपण ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकतो आणि विसरतो. संपलेल्या सेलमध्येही ताकद शिल्लक असते. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला जातो आणि गाडी पेट घेते. ती गाडी कोण चालवतो? तिच्यामागे कोण लटकतो? क्षेपणभूमीवर वाकून कचरा कोण निवडतो? वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात याचे उत्तर जेवायला बसलेले असते. आमचे वडील महानगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. त्यांचे हात आम्हाला अजून आठवतात. २०२२ सालच्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्यायच्या आहेत आणि त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, वेगळा ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर किंवा बॅटरी परत घेणाऱ्या दुकानात द्यावा.

पुतण्याची जखम भरायला दीड महिना गेला. तेवढ्या दिवसांची कमाई बुडाली, कारण त्याच्या कामात आजारपणाची रजा नसते. मांडीवर डाग राहिला आहे. त्याने ते यंत्र स्वतःच आमच्या हातात दिले. गुटखा सुटला का? सुटला म्हणतो. मधे एकदा त्याच्या शर्टाला वास आला, तेव्हा आम्ही काही बोलण्याआधीच त्याने सांगितले, "नाना, काल खाल्ला होता. राहवलं नाही." पूर्वीचे आम्ही असतो तर घर डोक्यावर घेतले असते. त्या दिवशी आम्ही त्याला घेऊन व्यसनमुक्तीच्या सल्ला केंद्रावर गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिलो.

व्याख्याने आम्ही अजून देतो. पण आता शेवटी एक वाक्य जोडतो. पोरांनो, घ्यायचे नाहीच, पण घेतले असेल तर घरात सांगा, आम्ही ऐकून घेऊ. आणि आईबापांनो, काकांनो, ऐकून घेण्याची तयारी आधी ठेवा. पोर आपल्याला भिते ही मोठी कमाई आहे असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. गादीवरचा तो तपकिरी डाग पाहिला आणि ते खाते आम्ही बंद केले.

ती गादी वहिनींनी टाकली नाही. कापड बदलून घेतले. सुट्टीत नात येते तेव्हा अजूनही त्याच्याच कुशीत झोपते. रात्री दहा वाजता तो स्वतः उठून घरातले सगळे चार्जर काढतो आणि मगच दिवा घालवतो.